एकशे त्रेसष्ट लेअरचा शेकाट्या

वारज्याच्या त्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या बाया दीपमाला मेश्रामला हमखास विचारायच्या, "ताई, दिवसभर लॅपटॉपसमोर दिसता. नक्की काम काय करता हो?" दीपमाला भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणायची, "सामान हलवते." ऐकणारीला वाटायचं, हिचा पॅकर्स-मूव्हर्सचा धंदा असणार. मग ही टेम्पो कुठे उभा करते, याचा शोध दोन-चार दिवस चालायचा.

तिचं उत्तर तसं खोटं नव्हतं. हल्ली चित्रकार कागद सोडून टॅबवर चित्रं काढतात, आणि जो तो आपल्या आवडीच्या ॲपमध्ये काढतो. पुस्तक मात्र प्रकाशकाच्या डिझायनरकडे, त्याच्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये जुळवलं जातं. टॅबवरचं चित्र म्हणजे एक सपाट कागद नसतो. एकावर एक ठेवलेल्या काचांसारखे त्याचे लेअर असतात. एका काचेवर आभाळ, दुसरीवर झाड, तिसरीवर झाडाची सावली, सगळ्यात वर रेघा. ही चवड एका ॲपमधून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेताना वाटेत काही ना काही सांडतंच. सावली काळी ठिक्कर पडते, पाणी घट्ट दिसायला लागतं, एखादी काच तर पोचतच नाही. ती जशीच्या तशी पोचवायची, हे दीपमालाचं काम.

तिचे वडील वर्ध्याकडून खडकीच्या कारखान्यात नोकरीला आले तेव्हा ती दोन वर्षांची होती. पुण्यातच शाळा, पुण्यातच बी. कॉम., मग डीटीपीचा सहा महिन्यांचा कोर्स, आणि नारायण पेठेतल्या एका सेंटरमध्ये एकोणीस वर्षं. गाइडं, लग्नपत्रिका, पीएचडीचे प्रबंध, सगळं तिच्या हाताखालून गेलं. सेंटरचे मालक कुणाचं कौतुक करण्यातले नव्हते, पण गिऱ्हाइकांना सांगायचे, "मेश्रामबाईंचा हात लागलेली फाइल म्हणजे घडी घातलेलं धुणं. कुठे सुरकुती दाखवा." मालकांचं वय झालं, शटर कायमचं खाली आलं, आणि दीपमाला निरोपादाखल मिळालेली, कॉम्प्युटरला जोडून पेनाने चित्र काढायची काळी पाटी घेऊन घरी आली. पण ते धुण्याचं वाक्य तिने मनात जपून ठेवलं होतं. पसारा दिसला की तिचे हात शिवशिवायचे. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायला गेली तरी ओट्यावरचे चमचे सारखे करून यायची.

सप्टेंबरच्या सुरुवातीला वैष्णवीचा फोन आला. वैष्णवी मुलांची पुस्तकं काढणारी. छोटं प्रकाशन, तीन माणसं, त्यात एक तीच.

"दीपमालाताई, काम नाजूक आहे. रंगनाथ खळदकर म्हणून चित्रकार आहेत, कर्वेनगरला. मुठेकाठच्या पक्ष्यांचं आपलं पुस्तक तेच करतायत. अठरा चित्रं. अकरा आली, सुंदर आहेत. उरलेल्या सातांचे रंग झालेत, रेघा अर्धवट आहेत. आणि काकांचा हात थरथरायला लागलाय."

"अरे देवा. मग?"

"दीड वर्ष थांबले मी. आता छापखान्याची तारीख ठरलीय, तीन आठवडे हातात आहेत. तुम्ही त्यांच्याकडून लेअरसकट फाइली आणा. सुदर्शन म्हणून आपला एक तरुण चित्रकार आहे, तो रेघा पुऱ्या करेल."

"त्यांना सांगितलंयस हे?"

"फाइली आणायला कुणीतरी येतंय, एवढंच सांगितलंय."

पुढचं सांगायचं काम आपल्याच गळ्यात पडलंय, हे दीपमालाला कळलं.

खळदकरांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. दार वेणूबाईंनी उघडलं. खिडकीशी आरामखुर्चीत बसलेले रंगनाथकाका एकाहत्तर वर्षांचे, ताठ, इस्त्रीच्या सदऱ्यातले. उजवा हात त्यांनी डाव्या हाताखाली दाबून ठेवला होता.

"आपण वैष्णवीकडून?"

"हो. दीपमाला मेश्राम."

"या. प्रेत कधी उचलायचं म्हणतायत?"

"अहो!" स्वयंपाकघरातून वेणूबाई ओरडल्या.

"पुस्तकाचं म्हणतोय मी. एवढ्या आशेने ओरडू नकोस."

दीपमालाला हसू आलं, आणि मग हसल्याचं वाईट वाटलं. तिने लपवाछपवी न करता सुदर्शनचं सांगून टाकलं. काका शांतपणे ऐकून घेत होते. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यासाठी चित्रं काढली होती: औषधांच्या डब्या, दिनदर्शिका, शाळेच्या पुस्तकांतले बेडूक. अडुसष्टाव्या वर्षी बंगलोरच्या मुलीने टॅब आणून दिला तेव्हा आधी हेटाळणी केली, आणि महिन्याभरात कागद बंद केला. पक्ष्यांचं पुस्तक हे त्यांचं पहिलं असं काम, ज्याच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव येणार होतं.

"बाई, रंग कुणीही भरेल," ते म्हणाले. "रेघ म्हणजे सही असते. अकरा पक्ष्यांवर माझी आणि सातांवर त्या पोराची? त्यापेक्षा अकराच छापा म्हणावं."

आपल्या हाताचं काय झालंय ते दाखवायला त्यांनी टॅब ओढला आणि टिबुकली नावाच्या छोट्या पाणपक्ष्याच्या चोचीवर पेन टेकवलं. रेघ निघाली ती करवतीच्या दात्यांसारखी. त्यांनी ती पुसलीसुद्धा नाही, टॅब पालथा घातला.

दीपमाला उठायच्या बेतात होती. पण पिशवीत लॅपटॉप होता आणि काळी पाटीही होती. तिला एक गोष्ट आठवली, जी ती स्वतः कधी वापरत नसे.

"काका, माझ्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम आहे. त्यात पेनाला दोरी बांधता येते."

"दोरी?"

"म्हणजे तसं समजा. पेन पुढे चालतं आणि रेघ दोरीने बांधल्यासारखी मागून येते. पेन थोडंसं इकडेतिकडे हललं तर नुसती दोरी सैल होते, रेघ हलत नाही. दोरी किती लांब ठेवायची ते आपण ठरवायचं."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती ताईत विकायला आली होती. पण पाटी मांडीवर घेतली. पाटीवर काढायचं आणि पडद्यावर बघायचं, हे काही त्यांना जमेना. पेन एकीकडे, नजर दुसरीकडे.

"हे काय भलतंच! हात कुठे, डोळे कुठे."

"रोज आरशात बघून दाढी करता की," वेणूबाई चहा ठेवत म्हणाल्या.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक रेघ सावकाश सरकत आली. पेन थरथरत होतं, रेघ थरथरत नव्हती. काकांनी पेन उचललं आणि चष्मा कपाळावर सरकवून ती रेघ जवळून पाहिली.

"ही मी काढली?"

"मी तर इथे चहा पितेय," दीपमाला म्हणाली.

तिथूनच तिने वैष्णवीला फोन लावला. वैष्णवी लगेच हो म्हणाली नाही. शेवटी म्हणाली, "तीन आठवडे, ताई. एकविसाव्या दिवशी सगळी चित्रं हवीत. एकही कमी असलं तर सातही सुदर्शनकडे जातील. मला दुसरा इलाज नाही."

आता प्रश्न उरला होता सामान हलवण्याचा. टॅबवरच्या ॲपमधली सातही चित्रं या दोरीच्या प्रोग्रॅममध्ये यायला हवी होती. खालचे रंग जसेच्या तसे, म्हणजे वर एक कोरी काच ठेवून तिच्यावर काकांना रेघा काढता आल्या असत्या. दीपमालाने टॅबवरून सात फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि घरी येऊन पहिली टिबुकली उघडली.

उघडली, तर चित्र भलतंच दिसत होतं. पांढऱ्या पडद्यावर जागोजागी बदामी रंगाचे तुकडे चिकटलेले. पाण्यावर एक, मानेशी दोन, गवतात तर पाच-सहा. बिचाऱ्या टिबुकलीला कुणीतरी बेदम मारून पट्ट्या बांधल्यासारखं दिसत होतं.

तिने काकांना फोन केला.

"ती माझी ठिगळं," काका म्हणाले. "मी खोडत नाही."

"म्हणजे?"

"छापखान्यात कुठे होतं खोडरबर? शाईची रेघ चुकली की त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा आणि त्यावर नीट काढायचं. इथेही तेच करतो. चुकलं की नवा लेअर घ्यायचा, त्यावर कागदाच्या रंगाचं ठिगळ मारायचं. कळत नाही कुणाला."

टॅबवर कळत नव्हतं, कारण तिथे सगळ्या चित्राखाली बदामी कागद होता. पण तो कागद म्हणजे लेअर नव्हता, ॲपची नुसती सेटिंग होती, आणि सेटिंग काही पेनड्राइव्हवर बसून येत नाही. कागद मागे राहिला, ठिगळं तेवढी पोचली. एकदा दुखणं कळल्यावर औषध सोपं होतं. दीपमालाने एका ठिगळावरून रंग उचलला, तोच रंग भरून एक लेअर केला, आणि तो सगळ्यांच्या तळाशी सरकवला. ठिगळं दिसेनाशी झाली. टिबुकली ठणठणीत.

अशी सहा चित्रं तिने दोन दिवसांत हलवली. प्रत्येक लेअर उघडझाप करून तपासला, वहीत त्याची यादी केली, आणि लॅपटॉप घेऊन कर्वेनगरला गेली. काकांनी भिंगाने सहाही चित्रं तपासली.

"आली सगळी?"

"आली, काका. सातवंही आलंय, फक्त तेवढं जड आहे. त्याचं बघते मी."

"आलं म्हणता ना? मग झालं तर."

त्या दिवसापासून काम सुरू झालं. दीपमाला सकाळचा डबा करून स्कूटीवर यायची, दुपारपर्यंत बसायची. दोरी लांब केली की रेघ गुळगुळीत यायची पण वळणावर आखडायची, आखूड केली की वळण साधायचं पण थरथर डोकवायची. चोचीला एक माप, पिसांना दुसरं. काका दर पक्ष्याचं माप एका कागदावर लिहून ठेवायला लागले. दहा दिवसांत टिबुकली, खंड्या, धोबी, वंचक, राखी बगळा आणि पाणकोंबडी, सहाही पुऱ्या झाल्या. मध्येच वेणूबाई येऊन म्हणायच्या, "आज भांडले नाहीत माझ्याशी. बरं वाटत नाहीये का त्यांना?"

उरला शेकाट्या. नदीच्या उथळ पाण्यात काठीसारख्या लांब, लालगुलाबी पायांवर उभा असतो तो. त्या चित्रात एकशे त्रेसष्ट लेअर होते. दीपमालाचा लॅपटॉप फाइल उघडताना धापा टाकायचा आणि पेन टेकवलं की थिजून जायचा. अशा यंत्रावर काकांनी रेघ काढायची कशी?

म्हणून तिने घरी बसून ते जरा आवरायला घेतलं. लेअर बघितले तर निम्मी ठिगळंच. पायांपाशी तर थर साचले होते. खाली एक पायांची जोडी, तिच्यावर ठिगळ, त्यावर दुसरी, थरथरत्या रेघांची जोडी. झाकलेलं ते चुकलेलं, म्हणून तर झाकलंय, असं तिने धरलं. ठिगळं खालच्या चित्रात मिसळून टाकली, लेअर अठ्ठेचाळीसवर आणले, आणि त्याच नावाने सेव्ह केलं. फाइल भराभर उघडायला लागली. धुण्याची छान घडी बसल्यासारखं तिला वाटलं. मूळ चित्र काकांच्या टॅबवर आहेच की, असंही मनात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी शेकाट्या पडद्यावर पाहिला आणि खूष झाले.

"आता ते पायांवरचं ठिगळ काढा."

"काढा म्हणजे?"

"खालचे पाय बरोबर आहेत. तीन वर्षांपूर्वी काढले होते, हात चांगला असताना. मग वाटलं, गुडघा उलटा वाकलाय, म्हणून झाकले. नंतर विठ्ठलवाडीच्या घाटावर दोन सकाळी जाऊन बघितलं, तर तो पक्षी उलटाच वाकवतो. वरचे पाय नंतरचे, बघताय ना कसे आहेत ते. काढा ठिगळ."

दीपमालाचा हात माउसवरून मागे आला. "काका, ठिगळ आता वेगळं नाही. मी ते खाली मर्ज केलं."

"म्हणजे खालचे पाय?"

"गेले."

मग दीपमालाच घाईने म्हणाली, "पण तुमच्या टॅबवर मूळ चित्र आहे ना! पुन्हा घेते. अर्ध्या तासाचं काम आहे."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"तुम्ही म्हणालात, आली सगळी. मी त्याच संध्याकाळी सातही काढून टाकली. एका चित्राची दोन ओरिजिनल असतात का कुठे? छापखान्यात चित्र दिलं की दिलं."

"डिलीट केलेलं टोपलीत राहतं महिनाभर."

"टोपली रिकामी केली. कचरा साठवायची सवय नाही मला."

"क्लाउडवर?"

"ढगात मी काही ठेवत नाही."

वेणूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. काकांचा उजवा हात डाव्याखालून सुटला होता आणि मांडीवर फडफडत होता. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच दीपमालाला जास्त लागलं.

"मेश्रामबाई, मी तुम्हाला चित्र हलवायला दिलं होतं. आवरायला नाही." ते उठले. "सगळी सुदर्शनला द्या. वैष्णवीला सांगा, म्हातारा थकला."

घरी आल्यावर दीपमालाने मध्यंतरी दुसऱ्या कामासाठी रिकामा केलेला पेनड्राइव्ह खरवडून पाहिला, लॅपटॉपच्या तात्पुरत्या फाइली चाळल्या, वहीतली यादी तीनदा वाचली. यादीत "पाय १" असा लेअर लिहिलेला होता. यादीतून काही चित्र निघत नाही. दीड दिवस तिने आणखी दोन-तीन ओळखीच्यांना विचारून बघितलं. सगळ्यांचं उत्तर एकच आलं.

आनंद, तिचा नवरा, पहिल्या पाळीहून आला तेव्हा ती कणीक मळत बसली होती, पोळ्यांची वेळ नसताना.

"तोंड काऊन असं केलं?" आनंदच्या बोलण्यातलं वर्धा पंचवीस वर्षांत गेलं नव्हतं.

तिने सगळं सांगितलं. "मी नीटनेटकं करायला गेले रे. त्यांचा चांगला हात होता त्या पायांत. तोच पुसला मी."

"मग बोलली का त्यांना तसं?"

"बोलायला त्यांनी वेळच दिला नाही."

"तर आता जा न. फाइल नाही येणार परत, पण तू तं जाऊ शकते. अन् हाती काहीतरी घेऊन जा. नुसतं सॉरी म्हणायला गेली तर तो माणूस चहासुद्धा देणार नाही."

हाती काय न्यायचं, याचा विचार करत ती पुन्हा लॅपटॉपपाशी बसली. आभाळ, पाणी, गवत, पक्ष्याचं अंग हे लेअर अजून सुटे होते. खराब झाली होती ती फक्त पायांची जागा. तिने ती जागा मोकळी केली. थरथरते पाय काढले, ठिगळाचे राहिलेले काठ काढले, तळाचा बदामी कागद आणि त्यावरचं पाणी सांधून घेतलं. पायांसाठी दोन कोरे लेअर ठेवले. या वेळी काम करण्याआधी फाइलच्या दोन प्रती काढल्या, एक घरातल्या कपाटात ठेवली.

सकाळी वेणूबाईंनी दार उघडलं. "या. परवापासून बोलत नाहीत. मला शांतता आहे, पण ती फार टिकायची नाही."

काका खिडकीशीच होते. दीपमाला उभ्या उभ्याच बोलली.

"काका, चूक माझी. न विचारता मर्ज केलं. मला वाटलं, झाकलेलं म्हणजे नको असलेलं. विचारायला एक फोन पुरला असता."

"मीही न विचारता डिलीट केलं," काका म्हणाले. "बरोबरी झाली समजू नका. तुमची चूक मोठी."

"मान्य."

"मग कशाला आलात?"

"पाय पुन्हा काढा म्हणायला. सहा दिवस आहेत."

"ते पाय तीन वर्षांपूर्वीच्या हाताने काढले होते. तो हात आणता का एक्स्पोर्ट करून?"

दीपमालाने लॅपटॉप उघडला. "तो नाही आणता येत. म्हणून तेवढं सोडून बाकी सगळं आणलंय."

पडद्यावर शेकाट्या होता. पांढरं पोट, काळे पंख, लांब चोच, खाली पाणी. आणि मध्ये काहीच नाही. पाण्यापासून वीतभर वर तो नुसता तरंगत होता.

"अगंबाई!" वेणूबाईंना हसू आवरेना. "याला कुणी टांगलाय का?"

काकांनी मान वळवली होती, पण नजर परत परत पडद्याकडे जात होती. दोन वेळा चष्मा पुसला. मग चिडूनच म्हणाले, "असं अधांतरी ठेवतात का कुणाला? आणा ती पाटी."

पहिल्या दिवशी दोरी लांब ठेवून काढलेले पाय अगदी सरळ आले. काकांनी ते पाहून नाक मुरडलं. "हे कंपासपेटीतले पाय. यावर पक्षी उभा राहणार नाही, यावर भूमिती उभी राहील." दुसऱ्या दिवशी दोरी आखूड केली, तर गुडघ्यापाशी कंप आला. तिसऱ्या दिवशी काका दमून लवकर झोपले, आणि दीपमालाने वैष्णवीला फोन करून खरं काय ते सांगितलं, फाइल गेल्याचंही. वैष्णवी म्हणाली, "तारीख हलणार नाही, ताई." आवाजात राग नव्हता, पण तारीखही खरंच हलली नाही.

चौथ्या दिवशी काकांनी पायाचे तीन तुकडे केले. वरचा तुकडा लांब दोरीने, गुडघा अगदी आखूड दोरीने, खालचा पुन्हा लांब. प्रत्येक तुकडा वेगळ्या लेअरवर. गुडघा सतरा वेळा काढला, सोळा ठिगळं मारली. दीपमाला हात मांडीवर ठेवून बसली होती. अकराव्या ठिगळाला तिला राहवलं नाही. "काका, याच्या खालचं तरी..."

"हात लावू नका."

"नाही लावत."

सतरावा गुडघा उलटा वाकला होता, अगदी शेकाट्यासारखा. काका खुर्चीत मागे टेकले. जुन्या पायांपेक्षा हे जरा जाड होते, ते दोघांनाही दिसत होतं. पण पक्षी उभा होता.

"आता पाण्यातलं प्रतिबिंब," दीपमाला म्हणाली. "दोरी किती ठेवू?"

काकांनी पडद्यावरच्या पाण्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "सोडा."

"सोडा म्हणजे? काढून टाकू दोरी?"

"पाणी कधी स्थिर असतं का?"

तिने दोरी काढली. काकांनी पेन पाण्यावर टेकवलं आणि हात अजिबात न दाबता सोडून दिला. हात आपल्या मर्जीने थरथरत खाली उतरला, आणि त्याच्यामागून लालगुलाबी रेघ लाटांवरून मोडत, जुळत, पुन्हा मोडत गेली. दोन्ही पाय पाण्यात उतरले. त्या रेघेला एकही ठिगळ लागलं नाही.

वेणूबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "जेवून घ्या दोघं. गार होतंय."

विसाव्या दिवशी दीपमालाने सातही चित्रं दोरीच्या प्रोग्रॅममधून डिझायनरच्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये हलवली. या खेपेला शेकाट्याच्या ब्याऐंशी लेअरपैकी एकालाही धक्का लावला नाही. डिझायनरने कुरकुर केली की एवढे कशाला, फाइल जड जातेय. दीपमाला म्हणाली, "जड असू दे. तुमच्याकडचं मशीन माझ्यापेक्षा चांगलं आहे." प्रत्येक ठिगळ कागदाच्या रंगाशी जुळलंय का, ते तिने मोठं करून करून तपासलं. एका ठिगळाचा काठ जरासा दिसत होता. तिने काकांना फोन करून विचारलं, मग तो सारखा केला.

वैष्णवीचा फोन संध्याकाळी आला. "ताई, शेकाट्याचं पाणी कुणी काढलं? सुदर्शन इथे बसलाय, तो विचारतोय कुठला ब्रश आहे म्हणून. त्याला मिळत नाहीये."

"ब्रश साधाच आहे," दीपमाला म्हणाली. "काकांनी काढलंय. सगळंच काकांनी काढलंय."

पुस्तक छापायला गेलं. आठवडाभर ती दुसऱ्या कामात गुंतली, कुणाच्या तरी हत्तीच्या सावल्या वाटेत काळ्या पडल्या होत्या. पाटी आणि जुना लॅपटॉप तिने काकांकडेच ठेवला होता, कारण आनंदने तिला नवा घेऊन दिला होता. शुक्रवारी तिने चौकशीला फोन लावला.

"काका, उद्या येऊन लॅपटॉप एकदा बघून जाऊ का? हँग होत असेल."

"उद्या?" पलीकडे पाटीवर पेन घासल्याचा आवाज येत होता. "उद्या नको. आणि यायचं झालं तर आधी फोन करून या. पाणकावळा काढायला घेतलाय मी, पंख वाळवत बसलेला. कुणी मागितलेला नाही, पण घेतलाय."

"रेघा कशा येतायत?"

"कामात आहे म्हटलं ना," काका म्हणाले, आणि फोन ठेवायच्या आधी वेणूबाईंना ओरडून सांगताना ऐकू आलं, "अगं, तो पडदा सार बाजूला. उजेड हवाय मला."